उत्खननाची कोठारं पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी उघडा

प्रति,
महाराष्ट्रात उत्खनन केलेल्या विद्यापीठांचे व संस्थांचे पुरातत्त्व विभागप्रमुख,
संचालक, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र शासन,
आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या राज्यातील मंडळांचे अधीक्षक पुरातत्त्वविद

स. न. वि. वि.

दिवाळी झाली की उत्खननाचा नवा हंगाम सुरू होईल. परवाने येतील, तंबू लागतील, पुन्हा नवी खापरं, हाडं, मणी पिशव्यांत भरले जातील. त्याआधी आपल्या सर्वांकडे एकच मागणी करण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. एखाद्या साइटवरचा शेवटचा हंगाम संपून पाच वर्षं झाली, की तिथलं सगळं साहित्य, रजिस्टरं, नकाशे आणि छायाचित्रं पुरातत्त्वाच्या नोंदणीकृत पीएच.डी. विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी खुली करावीत. ती मेहरबानी म्हणून मिळू नयेत, नियम म्हणून मिळावीत. अहवाल निघाला असो वा नसो.

मी स्वतः जुन्या उत्खननातल्या मृद्भांड्यांवर पीएच.डी. केली. आता एम.ए. झालेली मुलं-मुली सल्ला विचारायला येतात. त्यांचा पहिला प्रश्न विषयाचा नसतो. "मॅडम, मटेरियल मिळेल का?" हा असतो. सातवाहनांच्या काळातल्या घरगुती भांड्यांवर काम करायची मनापासून इच्छा असलेली मुलगी शेवटी मंदिरांवरच्या शिल्पांचा विषय घेऊन जाते, कारण मंदिर उघड्यावर उभं आहे आणि त्याचा फोटो काढायला कोणाच्या सहीची गरज नाही. मूर्तिशास्त्र काही कमी महत्त्वाचं नाही. पण विद्यार्थ्याचा विषय कोठाराच्या किल्लीने ठरावा, हे मला मान्य नाही.

पुरातत्त्वाचा संशोधक दोन वेळापत्रकांच्या मध्ये सापडलेला असतो. एक विद्यापीठ अनुदान आयोगाचं. २०२२च्या नियमावलीप्रमाणे कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षं आणि कमाल सहा. पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन, महिलांना आणि दिव्यांगांना त्यावर आणखी दोन. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) असेल तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार रुपये, पुढे एसआरएफचे (वरिष्ठ शिष्यवृत्तीचे) ४२ हजार, आणि पाच वर्षांनंतर तेही थांबतात. दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे उभं राहून प्रगती सांगायची असते.

दुसरं वेळापत्रक मातीचं. उत्खननाचा परवाना प्रत्यक्षात संस्थेला मिळतो, विद्यार्थ्याला नाही, आणि तो एका हंगामापुरता असतो. पाऊस ओसरून जमीन वाळल्यावर काम सुरू करायचं आणि उन्हाळा तापायच्या आत आवरायचं. ट्रेंचमधून, म्हणजे खणलेल्या चरातून, वर आलेलं खापर धुवायचं, वाळवायचं, त्यावर नंबर घालायचा, पॉटरी यार्डात, म्हणजे खापरं पसरायच्या मोकळ्या जागेत, लेयरप्रमाणे (मातीच्या थराप्रमाणे) मांडायचं, वर्गवारी करायची, चित्रं काढायची. एका मध्यम आकाराच्या साइटचं हे काम कित्येक वर्षं चालतं. नव्या उत्खननाच्या भरवशावर प्रबंध लिहायचा, तर विद्यार्थ्याची सहा वर्षं साइट समजू लागण्याआधीच संपतात. जुन्या उत्खननाचं साहित्य मात्र पीएच.डी.ला अगदी मापाचं असतं. खणून झालेलं आहे, धुतलेलं आहे, नंबर पडलेले आहेत. एका माणसाने तीन-चार वर्षं मान खाली घालून करावं एवढं ते काम आहे. आणि तेच काम आज सर्वांत दुर्मीळ झालं आहे.

आपल्या पूर्वसूरींनी याबाबत जो पायंडा पाडला होता, तो आठवून बघावा. पुरातत्त्वज्ञ हसमुख धीरजलाल सांकळिया १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले आणि त्यांनी विद्यार्थ्यांना एकेक नदीखोरं, एकेक जिल्हा वाटून दिला. आज महाराष्ट्राच्या आणि शेजारच्या राज्यांच्या प्रागैतिहासाचा जो नकाशा आपण गृहीत धरतो, त्यातला मोठा भाग अशा पायपीट करून लिहिलेल्या प्रबंधांतून उभा राहिला. आणि उत्खननाचं काय? नाशिक आणि जोर्वे इथे १९५०-५१मध्ये खणलं, अहवाल १९५५ला आला. नेवाशाचं काम १९५४ ते ५६, अहवाल १९६०. दायमाबादला पुरातत्त्वज्ञ साळींचं उत्खनन १९७९ला संपलं आणि १९८६ला अहवाल छापून झाला. इनामगावला १९६८पासून १९८३पर्यंत बारा हंगाम खणलं गेलं. १३०हून जास्त घरं आणि शेकडो दफनं एवढा पसारा होता, तरी सांगाड्यांवरचा खंड १९८६ला आणि मुख्य अहवाल १९८८ला हातात आला. संगणक नव्हते. चित्रं हाताने काढायची, मजकूर टंकलेखकाकडून टाइप करून घ्यायचा. मी पाच वर्षं म्हणते ती याच मंडळींच्या कामावरून. मनाने काढलेला आकडा नाही तो.

त्यानंतरच्या कितीतरी साइट्सच्या बाबतीत मात्र सर्वेक्षणाच्या वार्षिक आढाव्यातला परिच्छेद-दीड परिच्छेद, एखाद्या परिसंवादातला निबंध आणि वर्तमानपत्रातली बातमी एवढंच हाती लागतं. उत्खनन करणारे निवृत्त होतात, काही जण जातात. त्यांच्याबरोबर ट्रेंचमधली सगळी आठवण जाते: कुठल्या लेयरला उंदराच्या बिळाने धोका दिला होता, कुठला खड्डा वरून खाली घुसलेला होता. हे कागदावर उतरलं नसेल तर पुन्हा मिळवायचा मार्ग नाही, कारण खणलेला थर दुसऱ्यांदा खणता येत नाही.

आणि आता तर मूळ जागासुद्धा राहत नाहीत. गावोगावच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्त्यांच्या मातीच्या, टेकड्या शेतात घालायच्या खतासाठी आणि भरावासाठी पोखरल्या गेल्या. काहींवर घरं झाली, काही जेसीबीने सपाट झाल्या. बुलढाणा जिल्ह्यातलं पूर्णेकाठचं भोन बघा. तिथे उत्खननात विटांचा स्तूप मिळाला, आणि तीच जागा जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते. अशा ठिकाणांच्या बाबतीत गोण्या, पेट्या आणि रजिस्टरं एवढीच काय ती साइट उरते. ती कुलुपात ठेवली तर ती दुसऱ्यांदा गाडली जाते.

माझ्या प्रबंधासाठी मला ज्या कोठारात बसायला मिळालं, त्याचं आणि ते ज्या संस्थेचं होतं तिचं नाव मी इथे घेणार नाही. पत्र्याची शेड होती. तागाच्या गोण्या एकावर एक रचलेल्या, त्यांत कापडी पिशव्या. पिशवीच्या तोंडाला बांधलेल्या चिठ्ठ्यांपैकी बऱ्याचशा वाळवीने खाल्लेल्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, संपलं सगळं. मग एक खापर उलटं करून पाहिलं. आतल्या बाजूला, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, काळ्या शाईने साइटचं लघुनाव, ट्रेंचचा नंबर, लेयर आणि साल लिहिलेलं होतं, आणि अक्षरं पुसू नयेत म्हणून वरून नेलपॉलिशचा पातळ थर दिलेला. कुणीतरी, बहुधा माझ्याच वयाच्या तेव्हाच्या विद्यार्थ्याने, तंबूच्या सावलीत बसून प्रत्येक खापरावर हे लिहिलं होतं. चिठ्ठी गेली होती, पण खापराने आपला पत्ता सांभाळला होता. त्या शेडमध्ये मी काठांचे व्यास मोजले, छेदचित्रं काढली, भाजणीचे रंग नोंदवले. चांगल्या भाजलेल्या जोर्वे भांड्याच्या (जोर्वे गावावरून नाव पडलेल्या, ताम्रपाषाणयुगातल्या भांड्याच्या) तुकड्यावर नखाने टिचकी मारली तर धातूसारखा खणखणीत आवाज येतो. पुस्तकात वाचलेलं हे वाक्य पहिल्यांदा कानांनी ऐकलं ते तिथेच.

पण "लेयर सात" म्हणजे काय हे खापर सांगत नाही, ते ट्रेंचच्या छेदाचा, म्हणजे भिंतीत दिसणाऱ्या थरांचा, नकाशा सांगतो. तो नकाशा आणि अँटिक्विटी रजिस्टर (सापडलेल्या वस्तूंची नोंदवही) निवृत्त उत्खननप्रमुखांच्या घरी होतं. संस्थेने सांगितलं, सरांना विचारा. सरांकडून निरोप आला, अहवालाचं काम चालू आहे, तोवर देता येणार नाही. मी पत्रं पाठवली, गाइडनी पाठवली, एका ज्येष्ठ अभ्यासकांनी शब्द टाकला. माझी मुदत संपत आली, तेव्हा कालक्रमाचं प्रकरण मी केवळ शैलीच्या आधारावर लिहिलं. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) बाह्य परीक्षकांनी नेमकं त्याच प्रकरणावर बोट ठेवलं, आणि ते बरोबरच होतं. तो अहवाल अजून आलेला नाही. मला याची चीड येते ती माझ्या पदवीसाठी नव्हे, पदवी मिळाली. चीड येते ती त्या तंबूतल्या अनोळखी विद्यार्थ्यासाठी, ज्याने एवढ्या निगुतीने घातलेल्या नंबरांचा अर्थ कुणाच्या तरी कपाटात बंद आहे.

जुन्या साहित्यातून आता नवं काय निघणार, असं कोणी विचारेल. खूप निघतं, आणि निघालंही आहे. इनामगाव, नेवासे आणि दायमाबाद इथली लहान मुलांची दफनं आपल्या सर्वांना माहीत आहेत: दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले आणि आत बाळ. उत्खनन संपून बरीच वर्षं झाल्यावर ग्वेन रॉबिन्स शुग यांनी अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठात पीएच.डी. करताना याच हाडांवर काम केलं, आणि २०११मध्ये त्यावर त्यांचं पुस्तक आलं. इसवी सनापूर्वी १०००नंतरच्या, जोर्वे संस्कृतीच्या उत्तरकाळात मुलांची वाढ कशी खुंटत गेली, हा प्रश्न त्यांनी हाडांच्या मोजमापातून मांडला. नवी कुदळ मारावी लागली नाही. हाडं जपून ठेवलेली होती आणि ती अभ्यासाला दिली गेली, म्हणून हे झालं. दुसरं उदाहरण अक्षयेता सूर्यनारायण यांचं. केंब्रिजला पीएच.डी. करताना त्यांनी हरियाणा आणि उत्तर प्रदेशातल्या सिंधू संस्कृतीच्या साइट्सवरच्या खापरांत मुरलेले स्निग्धांश तपासले, आणि त्या भांड्यांत मांस आणि दूधदुभतं शिजत होतं याचा थेट पुरावा समोर आला. दायमाबादच्या, प्रकाशेच्या, तेरच्या भांड्यांत काय शिजत होतं? हा प्रश्न श्रीरामपूरच्या किंवा धाराशिवच्या मुलाने विचारला, तर त्यालाही असंच खापर हातात मिळायला हवं.

कालनिर्णयाचंही तसंच. १९६०च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या ताम्रपाषाणयुगीन (तांबं आणि दगड दोन्ही वापरायच्या काळातल्या) साइट्सच्या कोळशांतला किरणोत्सारी कार्बन मोजून वय काढलं गेलं, तेव्हा त्याला काही ग्रॅम कोळसा लागायचा आणि तारखेत शंभर-शंभर वर्षांचा मागेपुढे फरक राहायचा. आज एएमएस पद्धतीने, म्हणजे कणत्वरक वापरून कार्बन मोजायच्या पद्धतीने, जळका सातूचा एक दाणा पुरतो, आणि ती सोय दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात आहे. जोर्वे वस्त्या का ओस पडल्या, हवामानाने की आणखी कशाने, हा महाराष्ट्राच्या पुरातत्त्वातला सर्वांत मोठा वाद आहे. त्याचा निकाल लागायचा तर आधी तारखा घट्ट हव्यात, आणि ते दाणे कुठल्यातरी कोठारात काचेच्या नळीत पडून असतील.

जुन्या संग्रहांच्या मर्यादा मला ठाऊक आहेत. पूर्वी काठ, तोटी, चित्रकाम असलेले तुकडे ठेवायचे आणि अंगाची साधी खापरं मोजून साइटवरच टाकून यायचे. माती सगळीकडे चाळली जात नव्हती. त्यामुळे अशा संग्रहातून टक्केवाऱ्या काढताना हात आखडता घ्यावा लागतो. पण हेही विद्यार्थ्याने शिकायचंच असतं. पुरावा कसा गोळा झाला हे तपासल्याशिवाय त्यावर विधान करू नये, हे जुन्या रजिस्टरसमोर बसून जितकं कळतं तितकं कोर्सवर्कच्या कुठल्याच पेपरात कळत नाही.

आपल्यापैकी काहींचा आक्षेप मला आत्ताच ऐकू येतो आहे. आम्ही ऊन खाल्लं, निधीसाठी खेटे घातले, गावकऱ्यांची मनधरणी केली, आणि आयतं साहित्य दुसऱ्याने का न्यायचं? या भावनेचा मला आदर आहे. ट्रेंचमध्ये उभं राहणं काय असतं ते मी अनुभवलेलं आहे. म्हणून तर पाच वर्षं म्हणते, उद्याच नाही म्हणत. त्या पाच वर्षांत पहिला हक्क उत्खनन करणाऱ्यांचा, त्यात कोणी ढवळाढवळ करू नये. पुढेही प्रत्येक प्रबंधात आणि लेखात उत्खननप्रमुखांचा आणि संस्थेचा उल्लेख बंधनकारक असावा, आणि त्यांची इच्छा असेल तर त्यांना सहमार्गदर्शक करावं. पण उत्खनन सार्वजनिक पैशातून झालं, परवाना सरकारने दिला, शेत गावातल्या कुणाचं तरी होतं. रजिस्टर ही खासगी वही होत नाही. ती निवृत्तीच्या दिवशी संस्थेकडे जमा झाली पाहिजे, जशी कार्यालयाची कुठलीही नस्ती होते. आणि ज्यांच्या घरी अशी रजिस्टरं आजही आहेत, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे: निदान स्कॅन करून एक प्रत संस्थेला द्या. मूळ वही तुमच्याकडे राहिली तरी चालेल.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. वस्तू गहाळ होतील, मोडतील. इथे मी फरक करते. बघणं, मोजणं, चित्र काढणं, फोटो घेणं याने वस्तूचं काही बिघडत नाही, त्याला विभागप्रमुखांची सही पुरे झाली पाहिजे, आणि तीही ठरावीक मुदतीत. अर्जावर दोन महिन्यांत होय किंवा नाही, आणि नाही असेल तर लेखी कारण. तुकडा कापून, दाणा जाळून, दात भुकटी करून करायच्या चाचण्यांना मात्र समिती हवी, कडक हवी. हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या साइटवरच्या प्राचीन डीएनएच्या कामात साठहून अधिक नमुने तपासले गेले, आणि २०१९मध्ये जे प्रसिद्ध झालं ते एकाच स्त्रीच्या सांगाड्यातून मिळालेल्या माहितीवर. एवढं कमी यश येण्याची शक्यता असताना हाड खर्ची घालायचं की नाही, हे एका विद्यार्थ्याने किंवा एका गाइडने ठरवू नये. नमुन्याचा काही भाग पुढच्या पिढीसाठी राखून ठेवलाच पाहिजे.

तिसरी अडचण खरी आहे आणि त्याबद्दल मी आपल्याला दोष देत नाही. माणसं नाहीत. कोठारपालाची जागा रिकामी असते, छायाचित्रकार निवृत्त झाला की त्याच्या जागी कोणी येत नाही. संचालनालयाने आणि विद्यापीठांनी ही पदं भरून घेण्यासाठी शासनाकडे एकत्र मागणी केली, तर आमच्यासारखे सगळे मागे उभे राहू. पण तोवरही एक काम होऊ शकतं. प्रत्येक संस्थेने आपल्याकडे कुठल्या साइटचं, कुठल्या सालचं, कशा प्रकारचं साहित्य आहे आणि रजिस्टर उपलब्ध आहे की नाही, एवढी साधी यादी संकेतस्थळावर लावावी. सविस्तर सूची नको, चार रकान्यांचा तक्ता पुरेल. आज ही माहिती फक्त ओळखीने मिळते. ज्याचे गाइड वजनदार त्याला कळतं, नांदेडच्या किंवा गडचिरोलीच्या एखाद्या कॉलेजातून आलेल्या मुलाला कळतच नाही की अमुक गोण्या अस्तित्वात आहेत. प्रबंध आता शोधगंगा या संकेतस्थळावर घरबसल्या वाचता येतात, मग ते प्रबंध ज्या वस्तूंवर लिहायचे त्यांची यादीसुद्धा दिसू नये?

यादी करायला मनुष्यबळ हवं असेल तर ते आहे. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलांना प्रत्यक्ष काम हवंच असतं, आणि गोणी उघडून, खापर धुऊन, नंबर वाचून नोंदवणं हे पुढच्या पीएच.डी.चं उत्तम प्रशिक्षण आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत एकेका कोठारात अशी शिबिरं घेतली, तर त्यांच्याबरोबर बसायला, वर्गवारी शिकवायला मी आणि माझ्या ओळखीचे काही संशोधक विनामानधन येऊ. मास्क, हातमोजे, नव्या पिशव्या आणि न पुसणाऱ्या शाईची पेनं एवढं संस्थेने द्यावं.

आपल्यापैकी जी पहिली संस्था हे करायला तयार होईल, तिने कुठल्या साइटपासून सुरुवात करायची ते कळवावं. येत्या हंगामाचे परवाने हातात पडण्याआधी कळवलंत तर शिबिराची तारीख येत्या उन्हाळ्यातली धरता येईल.

कळावे,

आपली,
जुन्या उत्खननाच्या खापरांवर पीएच.डी. केलेली एक संशोधक